वासरांचं गॅदरिंग

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



सगळ्यांच्या हातात मसाला दूध आलं ना? मागच्या रांगेत पोचलं? कार्यकारिणीने मला बजावून ठेवलं होतं की दूध वाटून झाल्यावरच उभ्या राहा, म्हणजे ग्लास संपेपर्यंत तरी लोक खुर्चीत बसतील. चंद्र काही आज दिसेल असं वाटत नाही. ऑक्टोबरातल्या न्यूझीलंडच्या आभाळाचा स्वभाव आपल्याला माहीतच आहे. पण दूध आहे, आणि माझं आजचं बोलणं दुधाबद्दलच आहे. म्हणजे विषय दिलाय तो वेगळा. पत्रिकेत छापलंय, "परदेशी शिक्षिकेच्या नजरेतून प्राथमिक शाळेचं वार्षिक संमेलन". यातली परदेशी कोण, तर मी. शाळा आपल्या जागेवर होती, तिच्यात जाऊन पडले मी.

मी मूळची सांगलीची. तिथे सात वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. 2009 साली आम्ही इकडे आलो. नवरा हॅमिल्टनला आयटीत. मी इथला अभ्यासक्रम पूर्ण केला, रजिस्ट्रेशन मिळवलं, शहरात दोन-तीन ठिकाणी रिलीव्हर म्हणून काम केलं आणि 2015 च्या सुरुवातीला वायकाटोमधल्या एका खेड्यातल्या शाळेत कायमची नोकरी लागली. मॉरिन्सव्हिलच्या पलीकडे. शाळेचं नाव सांगत नाही, कारण लहान गावात नाव घेतलं की सगळेच ओळखू येतात. तीन वर्ग, साठाच्या आत-बाहेर मुलं, एक मैदान, आणि तिन्ही बाजूंना गाई. शाळेचं भाड्याचं घर आवारातच होतं, त्यामुळे आम्ही तिघं तिथेच राहायला गेलो. लेक तेव्हा सात वर्षांची.

पहिल्या दिवशी स्वागत झालं ते माओरी पद्धतीने. तिथे आपली ओळख आपल्या डोंगरापासून आणि नदीपासून सुरू करायची असते. मी सांगितलं, माझा डोंगर दंडोबा, माझी नदी कृष्णा. आयुष्यात पहिल्यांदा दंडोबाचं नाव एवढ्या गंभीरपणे घेतलं असेल! मुलं मला "फायआ" म्हणायला लागली. लिहिताना डब्ल्यू-एच लिहितात, पण उच्चार फ-च्या जवळचा. अर्थ आई, मावशी, आणि शाळेतल्या बाईसुद्धा. आपल्याकडे पोरं "बाई" म्हणतात ना, अगदी तेच. त्या एका शब्दाने मला खूप आधार दिला.

आता संमेलन. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात गॅदरिंगचं एक चित्र असतं. डिसेंबर-जानेवारीची थंडी, "हॅलो, माईक टेस्टिंग", कोळीनृत्य, लेझीम, मधेच बंद पडणारी कॅसेट, मिशा गळून पडलेला शिवाजी, आणि प्रमुख पाहुण्यांचं न संपणारं भाषण. सांगलीला मी सात वर्षं नाच बसवले. म्हणून ऑगस्टमध्ये मुख्याध्यापक म्हणाले, "ऑक्टोबरात आपला वर्षातला मोठा दिवस आहे, तुमच्या वर्गाची तयारी सुरू करा", तेव्हा मी उत्साहाने विचारलं, "किती मिनिटांचा कार्यक्रम बसवू?" ते म्हणाले, "मिनिटं नाही. किती वासरं, ते विचारून घ्या."

इथल्या गावाकडच्या शाळांत या दिवसाला कोणी काफ क्लब डे म्हणतं, कोणी अ‍ॅग डे, कोणी पेट डे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून हे चालत आलंय. इथल्या गाई जुलै ते सप्टेंबर या काळात वितात. पोरगं आपल्या शेतावरचं एक वासरू निवडतं, नाव ठेवतं, रोज दोन वेळा दूध पाजतं, घासतं, दोरीवर चालायला शिकवतं. ज्यांच्याकडे गाई नाहीत ती कोकरू किंवा करडू आणतात. आणि ऑक्टोबरात एके दिवशी सगळी वरात शाळेच्या मैदानावर. तिथे परीक्षक येतात. जिंकलेली मुलं पुढे आसपासच्या शाळांच्या एकत्रित स्पर्धेला जातात.

पहिलं वर्ष मी नुसती बघतच राहिले. सकाळी आठपासून ट्रेलर यायला लागले. वासरांना शाम्पूने न्हाऊ घातलेलं, खूर घासलेले. पाच वर्षांची चिमुरडी गमबूट घालून आपल्याहून वजनदार वासराला ओढते आहे, की वासरू तिला, हे ठरवणं कठीण. मैदानावर वाट आखलेली. खांबाला वळसा घालायचा, अरुंद फाटकातून जायचं, एका जागी शांत उभं राहायचं. परीक्षक म्हणजे एक निवृत्त शेतकरी आजोबा. ते गुडघ्यावर बसून त्या मुलीला विचारत होते, हिचा जन्म कधीचा? जात कोणती? दूध किती देतेस? आजारी पडली होती का? आणि ती घडाघडा सांगत होती. कोकरांची परीक्षा अजूनच गोड. कोकरू एकाने धरायचं, मुलाने लांब जाऊन हाक मारायची, आणि कोकरू धावत आपल्याच माणसाकडे जातं का ते बघायचं. एक कोकरू धावत सुटलं ते थेट सॉसेजच्या स्टॉलवर. लोक हसून हसून लोळले. ते पोर मात्र रडवेलं झालं.

वर्गांच्या आत दुसरं प्रदर्शन. बशीत वाळू पसरून तिच्यावर फुलांची नक्षी, याला म्हणतात सँड सॉसर. मी म्हटलं, ही तर रांगोळीची धाकटी बहीण. भाज्यांचे प्राणी, ट्रेमधली बाग, घरी केलेले केक. आणि आई-बापांची लुडबूड अगदी आपल्यासारखी! सहा वर्षांच्या मुलाने काकडीची इतकी सुबक मगर कोरली म्हणे. मी तोंडावरची रेषा हलू दिली नाही. विज्ञान प्रदर्शनातले ज्वालामुखी मीही पाहिलेत.

बक्षिसांचे चांदीचे कप जुने. एका कपावर त्याच घराण्यातल्या आजोबांचं, आईचं आणि मग मुलाचं नाव कोरलेलं मी वाचलं. मला माझ्या शाळेतली फळ्यावर रंगवलेली गुणवंतांची यादी आठवली. कप देताना भाषण झालं दीड मिनिटाचं. हे मात्र आपण जरूर उचलावं.

एवढंच असतं तर मी इथे गंमतजंमत सांगून खाली बसले असते.

पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक गोष्ट पाहिली होती, तिचा अर्थ तेव्हा लागला नव्हता. सकाळी लेकीला घेऊन गाडीने जाताना काही शेतांच्या फाटकापाशी, रस्त्याच्या कडेला लाकडी खोकी दिसायची, आणि त्यात तीन-चार छोटी वासरं. लेक म्हणायची, "आई, यांचा बसस्टॉप बघ!" आम्ही त्यांना हात करायचो. रोज. मोठ्या कौतुकाने.

पुढे नोव्हेंबर 2015 मध्ये इथल्या टीव्हीवर प्राणिहक्कवाल्यांनी चोरून घेतलेलं चित्रण दाखवलं गेलं. बॉबी काफ म्हणतात त्या वासरांचं. गाय दूध द्यायची तर तिने दर वर्षी व्यायला हवं. वासरं जन्मणार तेवढी ठेवून चालत नाही. कळपात भर घालण्यापुरत्या कालवडी ठेवतात, काही मांसासाठी वाढवतात. उरलेली, विशेषतः गोऱ्हे, चार दिवसांची झाली की ट्रक येतो आणि ती कत्तलखान्यात जातात. तेव्हा वर्षाला वीस लाखांच्या आसपास. त्या चित्रणात त्यांना फेकताना, आपटताना दाखवलं होतं. देशभर गदारोळ झाला. 2016 साली सरकारने नियम कडक केले. पूर्ण चार दिवसांचं झाल्याखेरीज वासरू हलवायचं नाही, प्रवास बारा तासांपेक्षा जास्त नाही, वगैरे.

लेकीचा बसस्टॉप कसला होता, ते मला त्या रात्री कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत वातावरण फार विचित्र. माझ्या वर्गातली निम्मी मुलं दूधवाल्यांच्या घरची. मुलं एकदम गप्प. शहरातल्या लोकांनी त्यांच्या आई-बापांना खुनी म्हटलं होतं आणि ते त्यांच्या कानावर आलं होतं. मी ठरवलं, गोल करून बसायचं आणि बोलू द्यायचं. एक मुलगी म्हणाली, माझे बाबा असं करत नाहीत, ते ट्रकमध्ये वासरू उचलून हाताने ठेवतात. कोणी म्हणालं, चित्रण खोटंच आहे. मी समजूतदारपणाने माना डोलावत होते. मग एका नऊ वर्षांच्या मुलाने हात वर केला. हा पोरगा एरवी बोलायचा नाही. म्हणाला, "फायआ, तुम्ही मांस खात नाही ना?"

मी म्हटलं, "नाही."

"पण दूध पिता."

"हो."

"मग गोऱ्ह्यांचं काय होतं असं तुम्हाला वाटत होतं?"

त्याच्या आवाजात खोच नव्हती हो. खरोखर जाणून घ्यायचं होतं त्याला. आणि मंडळी, माझ्याकडे उत्तर नव्हतं. कधी काही वाटलंच नव्हतं! आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार. स्टाफरूममध्ये मी सॉसेजचा ट्रे जरा लांब सरकवायची, चेहऱ्यावर थोडा सात्त्विक भाव आणून. आणि घरी दही, लोणी, तूप, श्रीखंड, खरवस. खरवसाची तर गोष्टच आहे. इथे व्यायल्यानंतरच्या पहिल्या चार दिवसांचं दूध कारखान्याला देता येत नाही, ते वासरांसाठी ठेवतात. शेजारच्या शेतावरच्या बाईंनी मला बादलीभर चीक आणून दिला होता, आणि मी वेलदोडा-गूळ घालून शाळेसाठी दोन ताटं खरवस केला होता. सगळ्यांनी वाहवा केली. तो चीक ज्यांचा होता त्यातली काही त्याच आठवड्यात बसस्टॉपवर होती.

मी त्या मुलाला सांगितलं, "मी कधी विचारच केला नव्हता." तो म्हणाला, "ओके", आणि खाली बसला. वर्गातला तणाव मात्र कमी झाला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी, 2016 ला, लेकीने हट्ट धरला की मला वासरू हवं. आम्ही त्याच शेजारीणबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, कालवड हवी का? लेक म्हणाली, "जो बसस्टॉपवर जाणार आहे तो द्या." बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी जमिनीकडे. शेवटी त्यांनी एक हेरफर्ड संकराचा गोऱ्हा दिला, तांबूस अंग, पांढरं तोंड. हा तसा ट्रकमधला नव्हताच. हेरफर्डचे गोऱ्हे मांसासाठी वाढवतात. आणि बाईंनी लेकीसमोर उकिडवं बसून सरळ सांगितलं, "हा आमच्याकडे साधारण दोन वर्षं राहील. छान गवत खाईल. मग वर्क्सला जाईल. चालेल का तुला?" वर्क्स म्हणजे कत्तलखाना, इकडे हाच शब्द. माझा जीव वर-खाली. मी मराठीत पुटपुटले, "अहो, एवढ्या लहान मुलीला कशाला..." त्यांना ते कळायचा प्रश्नच नव्हता. लेकीने थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, "चालेल. नाव मी ठेवणार." नाव ठेवलं मोदक.

त्याच वेळी माझ्या सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मला धास्ती, या थंडीत चिखलात त्यांचा वेळ कसा जाणार. पण त्या वाळवा तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरच्या. मोदक बादलीतून पीत नव्हता, नुसता डोकं आपटायचा. लेक रडकुंडीला आलेली. सासूबाईंनी पातळ खोचलं, दोन बोटं दुधात बुडवली, त्याच्या तोंडात दिली आणि हळूच त्याचं तोंड बादलीत नेलं. एका मिनिटात चट चट आवाज. शेजारीणबाई फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी आपली दोन बोटं वर करून दाखवली, म्हणजे आम्हीही असंच करतो. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, पण पुढचे दोन महिने त्या गोठ्यात तासन्‌तास गप्पा मारायच्या. एकीने मराठीत, दुसरीने इंग्रजीत. शेतावर बऱ्याच वासरांना एकदम पाजायचं एक भांडं असतं, बाहेरून रबरी सडांची रांग. त्याला गमतीने काफेटेरिया म्हणतात. सासूबाईंनी सांगलीला फोनवर सांगितलं, "अगं, हितं वासरांची पंगत बसते."

एका रात्री मी त्यांना विचारलं, "आई, तुमच्याकडे गोऱ्ह्यांचं काय करायचे हो?"

त्या म्हणाल्या, "चांगला असला तर बैल करायचा. आपल्या दारात नाहीतर दुसऱ्याच्या. पण ट्रॅक्टर आले, जर्शी आली. जर्शीचा गोऱ्हा औताला कोण घेतंय? मग बाजार."

"आणि बाजारातून?"

"ते आम्ही विचारत नव्हतो." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता गेल्या वर्षी कायदा आलाय, बैलसुद्धा कापायचा नाही. तर लोक रात्री रस्त्यावर सोडून देतात. म्हशीच्या रेडकाचं तर विचारूच नको. त्याला कोण दूध पाजतंय?"

कायदा म्हणजे महाराष्ट्रात मार्च 2015 पासून लागू झालेली गोवंश हत्याबंदी. मला तो बरोबर की चूक यावर इथे वाद नको, कोजागिरीला तरी नकोच. पण इकडचे लोक वासरं मारतात आणि आपल्याकडे गाईची पूजा होते, एवढ्यावर मी जे निवांत होते, तो निवांतपणा सासूबाईंनी दोन वाक्यांत संपवला.

संमेलनाच्या दिवशी मोदकने काय केलं? खांबाला वळसा नीट घातला, अरुंद फाटकाशी जाऊन बसला. उभा नाही, बसला. लेकीने ओढलं, विनवलं, मराठीत रागावली. परीक्षकांनी विचारलं, "हा कुठली भाषा समजतो?" लेक म्हणाली, "कुठलीच नाही." चालण्यात नंबर आला नाही, पण निगराणीत तिसरा आला. सासूबाईंनी सांगलीला कळवलं की नात पहिली आली. मी दुरुस्ती केली नाही.

2017 ला वासरं नव्हती. त्या वर्षी जुलैमध्ये साउथ कँटरबरीत गुरांमध्ये मायकोप्लाझ्मा बोव्हिस हा रोग पहिल्यांदा सापडला, आणि पुष्कळ शाळांनी वासरांचे दिवस रद्द केले. आमच्याही. वेगवेगळ्या शेतांवरची जनावरं एकत्र आणायची नाहीत. आम्ही कोंबड्या, कुत्री, ससे, गिनिपिगवर भागवलं. एकाने काचेच्या बरणीत गोगलगाय आणली आणि तिच्याही चालण्याची परीक्षा घ्यायचा आग्रह धरला. हसलो, पण मैदानाकडे बघवत नव्हतं. पालक कडेला घोळक्याने उभे, हळू आवाजात एकच विषय. 2018 च्या मे महिन्यात सरकारने रोग समूळ काढायचं ठरवलं आणि पुढे दीड लाखाहून जास्त गुरं मारली गेली. कळपच्या कळप. गाई मारतात म्हणून ज्यांच्याबद्दल मी मनात काहीबाही धरलं होतं, त्याच समाजातली मोठमोठी माणसं आपला कळप जाताना बातम्यांत रडताना दिसली.

मोदक गेला तो 2018 मध्येच, थंडीच्या तोंडावर. शेजारीणबाईंनी आदल्या दिवशी फोन करून लेकीला सांगितलं, "उद्या सकाळी सात." मला वाटलं होतं, त्या सांगणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मी त्यांना न सांगण्याबद्दल सुचवणार होते. लेक दहा वर्षांची. सकाळी उठून जॅकेट घालून गेली. मी फाटकापर्यंत गेले, पुढे गेले नाही. परत आली तेव्हा हातात मोदकची लहानपणची निळी मोरखी होती. बाईंनी जपून ठेवली होती, दोन वर्षं. लेकीने ती धुतली, वाळवली आणि आपल्या खोलीत खुंटीला टांगली. त्या दिवशी संध्याकाळी तिने दूध घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी घेतलं. मी काही विचारलं नाही.

आता शेवटचं. 2022 साली आमचा तो दिवस ठरला शुक्रवारी, 21 ऑक्टोबरला. मी कालनिर्णय उघडलं आणि बघते तर वसुबारस! आश्विन वद्य द्वादशी. पुढच्या सोमवारी लक्ष्मीपूजन, आणि इथली लेबर डेची सुट्टी. असा योग पुन्हा कधी यायचा? आपल्याला वसुबारस म्हणजे काय उरलंय? दारात गाय-वासराची रांगोळी, व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र. मी सांगलीला असताना एकदाही खऱ्या वासराच्या कपाळाला हळदकुंकू लावलेलं नाही. पितळेच्या मूर्तीला लावलंय.

मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, करा की, पण परीक्षा सुरू व्हायच्या आधी, आणि रंग लागणार असेल तर ज्याचं वासरू त्याला विचारा. शेजारीणबाईंच्या नातीची जर्सी कालवड ठरली. आणि मोरखी कोणती? लेक आता चौदा वर्षांची, हायस्कुलात. मुद्दाम सुट्टी काढून आली आणि खुंटीवरची निळी मोरखी घेऊन आली. ताटात हळद, कुंकू, अक्षता, बागेतल्या फुलांची माळ. वाऱ्यावर निरांजन काही टिकेना. तीनदा विझलं. शेवटी चौघी-पाच जणींनी आडोसा केला. मी खुरांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. साठ मुलं गोल करून उभी. मी सांगितलं, आमच्याकडे आज दिवाळी सुरू होते, पहिला दिवस गाय आणि वासराचा. आज बायका दूध, दही, तूप काही खात नाहीत. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. कारण आजचं दूध वासराचं.

मुलांना हे एकदम पटलं. शेतावरचीच मुलं ती. एकीने विचारलं, म्हणजे आज वासरू आईजवळच ठेवायचं? मी म्हटलं, हो. दुसऱ्याने विचारलं, सगळी वासरं? मी म्हटलं, हो, म्हणजे तशी पद्धत. मग पहिल्या रांगेतला एक सहा वर्षांचा मुलगा, ज्याचे बाबा साडेचारशे गाई पिळतात, म्हणाला, "पण टँकर तर आजही येणार ना?"

मी म्हटलं, "येणार."

तो म्हणाला, "आमच्याकडे साडेअकराला येतो."

तोवर कालवडीने फुलांची माळ खाऊन टाकली होती आणि ताटातल्या अक्षतांकडे वळली होती. परीक्षकांनी घड्याळ दाखवलं. कपाळावरच्या कुंकवासकट ती मैदानात गेली, आणि चालण्यात दुसरी आली.

दूध गार होतंय, घ्या.